इंजेक्शननंतर पायाची नस गेली? भरपाई मागायची असेल तर पहिल्या दिवसापासून काय काय करायचं

जून २०२२ मधली गोष्ट. आमच्या ह्यांची कंबर धरली होती म्हणून संध्याकाळी तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये गेलो. दुखणं थांबायचं इंजेक्शन कमरेखाली दिलं आणि सुई आत गेली तसे हे ओरडलेच, करंट बसल्यासारखी कळ थेट अंगठ्यापर्यंत गेली म्हणाले. इंजेक्शन देणारी मुलगी म्हणाली हलू नका, आणि उरलेलं औषध पण तिथंच सोडलं. उठून चालायला लागले तर उजव्या पायातली चप्पल दारातच राहिली आणि ह्यांना ते कळलंसुद्धा नाही. तो पाय अजून पहिल्यासारखा झालेला नाही. हे टेम्पो चालवायचे, आणि उजवा पाय म्हणजे ब्रेक.

मी वकील नाही. शिवणकाम करते, बारावी झालेली आहे. पण ही केस मीच चालवली, सगळे कागद मीच गोळा केले, आणि आम्हाला सुरुवातीला कोणी सांगणारं असतं तर किती धावपळ वाचली असती हे आता कळतं, म्हणून जे केलं आणि जे चुकलं ते क्रमाने लिहिते. आमचं प्रकरण इंजेक्शनचं आहे, पण प्लास्टर घट्ट बसून पाऊल पडलं, अक्कलदाढ काढताना ओठ-जीभ कायमची बधिर झाली, ऑपरेशनमध्ये नस (मज्जातंतू, रक्ताची शीर नव्हे) कापली गेली, अशा खाजगी दवाखान्यातल्या प्रकरणांनाही बरीचशी हीच वाट आहे.

१. आधी नस, मग केस

आम्ही पहिले वीस दिवस घालवले. दवाखान्यात म्हणाले औषधाचा परिणाम आहे, उतरेल, आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेजारच्यांनी तेल सांगितलं, एकांनी शेक सांगितला (बधिर पायाला शेक देऊ नका, भाजलेलं कळत नाही). तुम्ही हे करू नका. इंजेक्शन, प्लास्टर किंवा ऑपरेशननंतर पंजा वर उचलता येत नसेल, पायाचा वरचा भाग बधिर असेल, चालताना पाऊल फटफट आपटत असेल तर त्याला डॉक्टर फूट ड्रॉप म्हणतात, आणि त्यासाठी लगेच न्यूरोच्या डॉक्टरांकडे जायचं. हाताचं मनगट लोंबत असेल तरी तसंच. आणि प्लास्टर असलेल्या हातापायाला सहन न होणारी कळ लागली, बोटं निळी-थंड पडली तर सकाळ व्हायची वाट बघू नका, रात्रीच प्लास्टर कापून घ्या, तिथे तासांचा प्रश्न असतो.

घाई का, तर दुखावलेली नस परत वाढते ती साधारण दिवसाला एक मिलिमीटर. कुल्ल्यापासून नडगीच्या स्नायूपर्यंतचं अंतर टेपने मोजून बघा, वर्ष सहज जातं. आणि वर्ष-दीड वर्ष नस पोचलीच नाही तर तो स्नायू नंतर नस आली तरी नीट काम करत नाही. म्हणून तीन ते सहा महिन्यांत सुधारणा दिसत नसेल तर ऑपरेशनची गरज आहे का हे नसांची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला विचारून घ्यायचं असतं. आम्हाला हे आठव्या महिन्यात कळलं.

ईएमजी-एनसीव्ही नावाची, नस आणि स्नायू किती काम करतात ते बघणारी तपासणी करावीच लागते. इथे एक गोम आहे. नस दुखावल्यावर पहिल्या काही दिवसांत केली तर स्नायूतले बदल दिसत नाहीत, ते दिसायला साधारण तीन आठवडे लागतात. लवकर केली असेल तर तीन आठवड्यांनी परत करून घ्या, नाहीतर समोरचा वकील तो पहिला रिपोर्ट दाखवून म्हणणार की बघा, तेव्हा तर फारसं काही नव्हतं. पुढे दर काही महिन्यांनी परत करायला सांगतात ती पण करा, खर्चाची आहे पण नस किती मेली आणि किती आली याचा दुसरा पुरावा नसतो.

फिजिओथेरपी चुकवू नका, आणि प्रत्येक वेळी कार्डावर तारीख आणि सही घ्या. आमच्या केसमध्ये पहिला उलटा आरोप हाच होता की पेशंटने व्यायाम केले नाहीत म्हणून पाय राहिला. ते मळकं, चार ठिकाणी दुमडलेलं कार्ड काढून दाखवलं आणि तो मुद्दा तिथेच संपला.

२. हिस्ट्रीची एक ओळ

नवीन डॉक्टर पहिल्यांदा तपासतात तेव्हा केसपेपरवर वरती हिस्ट्री लिहितात. तिथे "अमुक तारखेला उजव्या कुल्ल्यावर इंजेक्शन दिल्यावर लगेच पायात कळ, तेव्हापासून पाऊल उचलत नाही" हे लिहिलंय का ते बघूनच उठा. नम्रपणे सांगा, डॉक्टरसाहेब तेवढं लिहा. बहुतेक डॉक्टर लिहितात कारण ती पेशंटने सांगितलेली माहिती असते, कोणावर आरोप नसतो. त्यांना "चूक त्या डॉक्टरची आहे असं लिहून द्या" म्हणून मागे लागू नका, तसं कोणी देत नाही आणि ते दुखावले तर उपचाराचंही अवघड होतं. तारीख, बाजू, जागा आणि लगेच सुरू झालं हे एवढं असलं की पुढचं काम त्यावर उभं राहतं.

३. मूळ दवाखान्याचे कागद, भांडण व्हायच्या आधी

आम्ही आधी जाऊन भांडलो आणि मग कागद मागितले. उलट करा. आधी कागद, बोलायचं ते नंतर.

पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांच्या आत द्यायचं हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपून ठेवायचं हेही त्यातच आहे. अर्ज लेखी द्या, एका प्रतीवर पोच आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने किंवा स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती अर्जालाच टाचून ठेवा. नाही दिलं तर ते न देणंच पुढे तुमच्या बाजूने जातं, पण अर्ज केला होता हे दाखवता आलं पाहिजे.

काय काय लागतं:

– केसपेपर, नर्सिंग नोट्स, औषधाचा चार्ट (कोणतं इंजेक्शन, किती, कुठे, किती वाजता, सही कोणाची)
– ऑपरेशन असेल तर संमतीपत्र, ऑपरेशन नोट्स, भुलीचा कागद
– डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं आणि पावत्या. साध्या चिठ्ठीवर पैसे घेतले असतील तर पक्की पावती मागा, ग्राहक म्हणून तुमचा हक्क त्या पैशाच्या पावतीवर उभा आहे
– मेडिकल दुकानाची बिलं, इंजेक्शनची बॅच असेल तर उत्तमच
– नंतरच्या डॉक्टरांचे कागद, ईएमजी-एनसीव्हीचे सगळे रिपोर्ट, एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी
– फिजिओचं कार्ड, स्प्लिंटचं (पाऊल उचलून धरणारा आधार) बिल, गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या
– आधीच्या कमाईचा पुरावा (त्याबद्दल खाली)
– पायाचे फोटो आणि चालतानाचा व्हिडिओ, दर महिन्याला एक

मूळ कागद कोणालाही देऊ नका, ना दवाखान्याला, ना वकिलाला, ना मदत करतो म्हणणाऱ्या पुढाऱ्याला. झेरॉक्स द्या. थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात पांढरी पडतात, त्यांच्या झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा. आमची तीन बिलं अशीच कोरी झाली आणि तो खर्च मिळाला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, कॉल रेकॉर्डिंग असेल तर फोन बदलू नका, पुसू नका. नवीन साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात.

४. चूक की गुंतागुंत, हे प्रामाणिकपणे तपासा

हा भाग नीट वाचा, कारण बऱ्याच केसेस इथेच पडतात. त्रास झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कोर्ट धरत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की त्या क्षेत्रातला साधारण कुशल डॉक्टर जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली होती का हे बघायचं. समोरचे म्हणणारच की योग्य जागी देऊनही कधीकधी नस दुखावते, ही ज्ञात गुंतागुंत आहे. म्हणून नुसतं "इंजेक्शन दिलं आणि पाय गेला" असं लिहू नका, नेमकं काय चुकलं ते लिहा. जागा चुकली का, कुल्ल्याचा वरचा-बाहेरचा चौथा भाग सोडून खाली किंवा मधे टोचलं का. पेशंट ओरडला तरी सुई न काढता औषध सोडलं का. इंजेक्शन देणारी व्यक्ती नोंदणीकृत नर्स होती का. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं तरी तपासलं नाही, पुढे पाठवलं नाही, असं झालं का.

आमच्याकडे सगळ्यात जड ठरली ती नोंदणी. त्यांनी लेखी जबाबात लिहिलं की इंजेक्शन प्रशिक्षित नर्सने दिलं. आम्ही प्रश्नावली दिली की तिचं नाव आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक सांगा. क्रमांक शेवटपर्यंत आला नाही.

कोणी केलं हे तुम्हाला माहीत नसेल तरी घाबरू नका. सविता गर्ग प्रकरणात २००४ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रत्येक डॉक्टरला पक्षकार केलं नाही म्हणून पेशंटची तक्रार फेटाळता येत नाही, हॉस्पिटलने पुढे येऊन काळजी घेतल्याचं दाखवायचं असतं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत मिळत नाही ही सगळ्यांची अडचण आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्ही. किशन राव प्रकरणात २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की प्रत्येक केसला तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, चूक उघड दिसत असेल तर नाही लागत. आणि जिथे लागतं तिथे ग्राहक आयोगाला (ग्राहकांच्या तक्रारी चालतात ते कोर्टासारखं ठिकाण, पुढे येतंच) अर्ज करता येतो की सरकारी मेडिकल कॉलेजच्या तज्ज्ञांकडून मत मागवा. आम्ही तसाच केला. मत यायला सात महिने गेले, पण आलं.

५. कोणत्या दारात जायचं

पैसे देऊन उपचार घेतले असतील तर ग्राहक आयोग. व्ही. पी. शांता प्रकरणात १९९५ साली सुप्रीम कोर्टाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, २०१९ च्या नव्या कायद्यातही ती आहेच. ज्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांनाच सगळं फुकट मिळतं तिथलं प्रकरण या आयोगात चालत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट किंवा हायकोर्ट, आणि सरकारवर दावा लावायच्या आधी दोन महिन्यांची नोटीस लागते. पण धर्मादाय हॉस्पिटलमध्ये काही लोक पैसे भरतात आणि तुम्हाला फुकट बघितलं असेल, तर तुम्हीही ग्राहकच. ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) हॉस्पिटल असेल तरी चालतं.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते, ते डॉक्टरवर कारवाई करू शकतात, पण भरपाई देत नाहीत. पोलिसांत फौजदारी तक्रार हा तिसरा रस्ता, तिथे निष्काळजीपणा खूप मोठा असावा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरांचं निष्पक्ष मत घेतात. आम्हाला चार जणांनी सांगितलं की आधी एफआयआर करा मग ते आपोआप पैसे देतात. त्या नादात पाच महिने पोलीस स्टेशनच्या फेऱ्या झाल्या आणि हाती काही आलं नाही. तुम्हाला भरपाई हवी असेल तर आयोगात जा.

आणि दवाखान्यात तोडफोड, धक्काबुक्की चुकूनही नको. महाराष्ट्रात २०१० पासून त्याला वेगळा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि नुकसानीच्या दुप्पट भरून द्यावं लागतं. ह्यांचा धाकटा भाऊ चार पोरं घेऊन निघाला होता, सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या म्हणून आमची केस वाचली.

६. दोन वर्षांची मुदत

कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. उशीर माफ होऊ शकतो पण सबळ कारण लागतं. गोव्यातल्या एका नर्सबाईंची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, १९९३ च्या ऑपरेशनमध्ये पोटात गॉज राहिलं आणि तक्रार २००४ मध्ये झाली. २०१० साली कोर्ट म्हणालं की इतकी वर्षं पोट दुखत होतं, तुम्ही स्वतः नर्स आहात, तेव्हाच तपासायला हवं होतं, आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. नसेच्या बाबतीत तर पाऊल पहिल्या दिवशीच लोंबतं, म्हणजे मुदत पहिल्या दिवसापासून मोजतील असंच धरून चाला. "बघू, सुधारतंय थोडं" म्हणत उपचार चालू असताना मुदत थांबत नाही. उपचार आणि केस दोन्ही बरोबर चालू शकतात.

७. किती मागायचं

इथे लोक दोन टोकं करतात, एक तर नुसती बिलं जोडून तेवढेच मागतात नाहीतर डोळे मिटून पन्नास लाख लिहितात. हिशोब मांडून लिहा. झालेला खर्च, पुढचा खर्च (स्प्लिंट झिजतो, परत परत घ्यावा लागतो), गाडीभाडं, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी, गेलेली कमाई, पुढे जाणारी कमाई, वेदना, आणि आयुष्यातलं जे गेलं ते.

अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयाच्या बोर्डाकडून घ्यायचा, त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंद करून यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) कार्ड मिळतं. नस सुधारू शकते म्हणून सुरुवातीला तात्पुरता दाखला देतात, तो संपायच्या आत परत तपासणीला जा.

पण टक्क्यांवर थांबू नका. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि त्या माणसाची कमाई किती टक्के गेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो अपघाताचा खटला होता पण तत्त्व इथेही मांडता येतं. बसून काम करणाऱ्याचा पाय आणि ड्रायव्हरचा पाय सारखा नाही हे तुम्हाला दाखवून द्यावं लागतं. आमच्याकडे पगाराची स्लिप कुठून असणार? आम्ही टेम्पोची आरसी बुक, लायसन्स, बँकेचा उतारा, टेम्पोचे हप्ते वेळेवर जात होते आणि मग थकले ते कर्जाचं स्टेटमेंट, डिझेलची बिलं आणि ज्यांचा भाजीपाला हे मार्केटला न्यायचे अशा दोन व्यापाऱ्यांची शपथपत्रं लावली. शेवटी टेम्पो विकला त्याचा कागद पण लावला.

हैदराबादचं एक प्रकरण वाचून मला धीर आला होता. प्रशांत धनंका नावाचा विशीतला इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, १९९० साली तिथल्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि कमरेखाली कायमचा लुळा पडला. गाठ मणक्याजवळ असूनही न्यूरोसर्जनला सोबत घेतलं नव्हतं. २००९ साली सुप्रीम कोर्टाने एक कोटी आणि वर व्याज दिलं. एकोणीस वर्षं लागली.

८. तक्रार दाखल करणं

कोणता आयोग हे तुम्ही दिलेल्या पैशावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. दवाखान्याला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्यासारख्या जवळपास सगळ्यांचं तिथेच. आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही जिथे राहता किंवा कामधंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, उपचार पुण्या-मुंबईत झाले असले तरी.

आधी वकिलामार्फत किंवा स्वतः रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा, कायद्याने सक्ती नाही पण बरं पडतं. मग तक्रार साध्या मराठीत, तारीखवार. सोबत शपथपत्र, कागदांची यादी, पानांना नंबर. ऑनलाइन पूर्वी ई-दाखिल होतं, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. काही अडलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वकील केलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. पण मी म्हणेन वैद्यकीय केसला करा. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, महिला आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. हे आम्हाला दीड वर्षाने कळलं, तोवर मंगळसूत्र गहाण पडलं होतं.

९. केस चालू असताना

समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि वर फार तर १५, हे ४५ दिवस झाले की त्यांचा लेखी जबाब घेऊ नये असा सुप्रीम कोर्टाचा निर्णय आहे. नोटीस कोणत्या तारखेला पोचली त्याचा ट्रॅकिंग रिपोर्ट छापून ठेवा आणि दिवस मोजा. कायद्यात निकालाला तीन ते पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात वर्षं जातात, त्या तयारीने घर चालवा. प्रत्येक तारखेला कोणीतरी हजर राहा, नुसतं वकिलावर सोडू नका, गैरहजेरीत तक्रार निकाली निघू शकते.

मधेच कोणीतरी ओळखीचा येतो आणि तडजोडीचं बोलतो. आमच्याकडे वीस हजार रोख आणि "आमची काही तक्रार नाही" असा टाइप केलेला कागद घेऊन आले होते. घरात पीठ नव्हतं तेव्हा. ह्यांनी पेन हातात घेतलं होतं. अशा कागदावर वकिलाने वाचल्याशिवाय सही करू नका, उपचारांच्या बहाण्याने कोऱ्या कागदावर तर नाहीच. आणि फेसबुकवर डॉक्टरचं नाव घेऊन पोस्ट टाकू नका, उलटी अब्रुनुकसानीची नोटीस येते.

१०. निकाल आणि त्यानंतर

आमचा निकाल २०२५ मध्ये लागला, मागितलं त्याच्या निम्म्याहून कमी, पण चूक झाली हे आयोगाने लेखी मान्य केलं. निकालपत्र हातात घेऊन हे अर्धा तास नुसते बाकावर बसून होते.

निकालाने काम संपत नाही. दोन्ही बाजूंना ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करता येतं, मिळालेली रक्कम कमी वाटत असेल तर तुम्हालाही. समोरच्याने अपील केलं तर त्याला आधी अर्धी रक्कम भरावी लागते, ती भरलीय का हे वकिलाला विचारा. अपील नाही आणि पैसेही देत नाहीत, असं झालं तर वसुलीचा अर्ज करायचा. आदेश न पाळल्यास ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. निकालाची सही-शिक्क्याची प्रत मिळाली ती तारीख लिहून ठेवा, दिवस त्यावरून मोजतात.

त्यांनी अपील केलंय, अर्धी रक्कम भरलीय. ह्यांचा स्प्लिंट गेल्या आठवड्यात परत बदलला, त्याच्या बिलाची झेरॉक्स काढून फाईलला लावलीय.